त्यांच्या वाटणीचा उपास

१

दैवशालाचा आठवडा उपासांनी बांधलेला होता. सोमवार महादेवाचा, मंगळवार येडाई देवीचा, गुरुवार दत्ताचा, आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या सासूच्या जोडीनं. येडशीच्या रेल्वे क्वार्टरांतल्या बाया थट्टा करायच्या, "ही बाई जेवती तरी कवा?" दैवशाला नुसती हसायची. उपास तिला कधी जड गेला नाही. पोट रिकामं असलं की आत जागा होते, देवाला टेकायला बरी, एवढं साधं तिचं म्हणणं.

नवरा बलभीम मात्र खाणारा गडी. रेल्वेत गँगमन, दिवसभर रुळांवर चालणं, घण मारणं. तो घरी आला की भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात जायची, आणि त्याला खाताना बघत बसणं हे दैवशालाचं सुख होतं. सगळ्या व्रतांचं मिळून तिनं देवाकडं एकच मागितलेलं, की ह्या माणसाचं ताट असंच भरलेलं राहावं.

दिवाळीनंतर काहीतरी बिनसलं. बलभीम खात होता, उलट जास्तच खात होता, पण खाल्लेलं अंगी लागेना. गालफडं बसली. सदरा खुंटीला अडकवल्यागत खांद्यावरून लोंबायला लागला. दवाखाने झाले, रक्त-लघवी तपासून झाली, सोनोग्राफी झाली, जंताच्या गोळ्याही झाल्या. सगळे कागद म्हणत होते की माणूस ठणठणीत आहे.

"ठणठणीत हाय म्हणं," सासू हरणाबाई म्हणाली. "मग माझ्या पोराच्या ताटातलं खातंय कोण?"

आणि त्याचं पोट वाजायचं. भुकेल्या माणसाचं वाजतंच, त्यात काय एवढं. पण बलभीमचं पोट जेवण झाल्यावर वाजायचं. लांबलचक गुरगुर, शेवटाला वर चढत जाणारी, कुणी काही विचारत असावं तशी. एका दुपारी तो उंबऱ्यात बाहेर तोंड करून बसला होता आणि पोट वाजत होतं. दैवशालानं आत तव्यावरची भाकरी आवाज न करता उचलून टोपल्यात ठेवली, आणि त्याच क्षणी पोट गप्प झालं. तिनं भाकरी परत तव्यावर टाकली. पोट वाजायला लागलं.

वास गेला असेल वाऱ्यानं, ती मनाशी म्हणाली. पण बाहेर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

२

दोन घरं सोडून हर्षाली राहायची. वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली, शिकलेली, बोलकी पोर. नवरा स्टेशनात पॉइंट्समन, आणि हिनं पुढच्या खोलीत 'आरोग्य क्लब' काढलेला. सकाळी पावडरीचा शेक, संध्याकाळी वजनकाटा, आणि मोबाइलवर पोटशुद्धीचा एक ग्रुप, ज्यावर कुणी एक सर रोज काहीबाही सांगायचे.

"काकू, काकांच्या पोटात जंतच हायेत बघा. आतड्याला चिकटून बसल्यालं असतंय. सोनोग्राफीत दिसत न्हाय."

"अन् तुला कसं दिसलं गं?" हरणाबाईनं विचारलं.

"आजी, तुमचा इस्वास न्हाय ना? ह्ये बघा." तिनं मोबाइल पुढं केला. बादल्यांचे, परातींचे फोटो. पांढरट, दोरीसारखं, गुंडाळलेलं काय काय. प्रत्येकाखाली हात जोडलेले आणि फुलं. 'अभिनंदन ताई.' 'आता बघा कसं हलकं वाटतं.'

हरणाबाईनं चष्मा लावून नीट बघितलं. "शी गं बया! लोकं पोराच्या बारशाचे फोटू बी एवढ्या हौसंनं टाकीत न्हाईत."

दैवशालाला किळस आली आणि आशाही वाटली. जे दिसतं ते काढता येतं. न दिसणाऱ्या दुखण्यापुढंच माणूस हात टेकतो. तिनं सगळं नीट विचारून घेतलं. वावडिंगाचा काढा, कडुलिंबाचा रस, भोपळ्याच्या बिया, झोपताना एरंडेल, सकाळी एनिमा. आणि ह्या सगळ्याबरोबर कडकडीत उपास, नुसत्या पाण्यावर.

"उपासच महत्त्वाचा, काकू," हर्षाली म्हणाली. "आतल्याला खायाला मिळालं न्हाय की ते जागा सोडतंय."

३

बलभीमनं उपासाचं नाव ऐकलं आणि हात जोडले. "काढा देव, रस देव, रबरी नळी बी सोसतो. पर उपास माझ्यानं न्हाय व्हायचा. रुळावर आडवा हुईन म्या, अन् वरनं मालगाडी जाईल."

"मग उपास म्या धरते की," दैवशाला म्हणाली.

समोर बसलेल्या हर्षालीला हसू आवरेना. "असं कसं ओ काकू? औषध एकाला अन् उपास दुसऱ्याला?"

"का? ह्यांचे सोळा सोमवार म्याच केलेत. ह्यांची साडेसाती आली तवा शनिवार म्याच धरले. पोचले न्हाईत व्हय देवाला?"

"तसंच असतंय," हरणाबाईनं मान डोलावली. "बाप्याचा उपास बाईनंच धरायचा. त्यांना कुठं निभतंय?"

हर्षालीनं नाद सोडला. हे शास्त्र तिच्या सरांकडं नव्हतं.

दैवशालानं रीतसर संकल्प सोडला. देव्हाऱ्यापुढं पाट मांडला, हातावर पाणी घेतलं, अक्षता घेतल्या. पूजेला नवरा संकल्प सोडतो आणि बायको त्याच्या हाताला हात लावते, म्हणजे पुण्याचा वाटा तिला मिळतो. इथं उलटं होतं. ती पुढं बसली आणि बलभीमनं मागून तिच्या मनगटाला बोटं लावली. "ह्यांच्या पोटात जे काय असंल ते जाऊ दे," ती म्हणाली, "उपास माझ्या पोटानं भरून देते," आणि पाणी ताम्हनात सोडलं.

पाणी पडताना बलभीमचं पोट वाजत होतं. हातावरचं शेवटचं पाणी ताम्हनात पडलं आणि ते थांबलं. दैवशालाला बरं वाटलं. देवानं ऐकलं, तिला वाटलं.

४

क्वार्टर दोन खोल्यांचं. मागं चार फरशांचं अंगण आणि त्याच्या टोकाला पत्र्याच्या दाराची न्हाणी. बलभीम सकाळी काढा घेऊन, नळी घेऊन तिथं जायचा आणि घामाघूम होऊन बाहेर यायचा. दाराशी हर्षाली उभी असायची.

"काका, आलं का काई?"

"पाणी आलं. अन् डोळ्यांत बी पाणी आलं."

"फोटू काढायचा ना ओ!"

"कशाचा, माझ्या तोंडाचा?"

काहीच बाहेर पडत नव्हतं. आणि तरी बलभीम सुधारत होता. मुगाचं कढण दोन वाट्या पिऊन तो पोट भरलं म्हणायचा. दुपारी गाढ झोपायचा. दैवशालानं त्याच्या पोटाला कान लावून बघितला. आत शांत होतं, घरातला पाहुणा उठून गेल्यावर खोली असते तसं. तिला हसू आलं, रडूही आलं. येडाईला तिनं मनातल्या मनात खण-नारळ कबूल केला.

त्या दुपारी ती अंगण झाडत होती. बलभीम आत झोपलेला. हरणाबाई ओट्यावर वाती वळत बसलेली. न्हाणीच्या बंद दारामागून आवाज आला. लांबलचक गुरगुर, शेवटाला वर चढत जाणारी.

दैवशालाचा खराटा हातातच राहिला. मोरीच्या पाइपात हवा अडकली असेल. रेल्वेच्या नळांना काय, गाडी गेली की सगळी भिंत वाजते. पण गाडी येऊन गेलेली नव्हती. बेडूक असेल. तिनं पत्र्याला कान लावला. आत पाणी गळत नव्हतं, आणि आवाज पाइपातून येतो तसा घुमटून येत नव्हता. तो दाराच्या अगदी आतल्या बाजूला, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर होता.

"दैवशाले, भाकरीचा तुकडा दे गं, चिमण्यांना टाकते," हरणाबाईनं हाक मारली. दैवशालानं आत जाऊन टोपल्याचं झाकण काढलं.

न्हाणीतला आवाज गप्प झाला.

तिनं मोरीत बाटलीभर फिनेल ओतलं, वरून उकळतं पाणी टाकलं, आणि दाराला बाहेरून कडी घातली. मग स्वतःलाच खुळी म्हणाली आणि कडी काढली. घरातल्या माणसांना लागतेच की न्हाणी.

५

उपासाचं तिला सगळं ठाऊक होतं. आधी भूक लागते, मग डोकं दुखतं, मग भूक मरते आणि अंग पिसासारखं होतं. तिचं अंग तसंच झालं होतं. स्वयंपाक करताना हात आपोआप चालायचे. फक्त एक गोष्ट वेगळी होती. इतक्या वर्षांत दर उपासाला तिचं पोट कुरकुरायचंच. आता ते एकदाही वाजलं नव्हतं.

वाजत होतं ते बाहेर. एकदा मोरीत. मग पाण्याच्या रांजणामागं. मग स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जिथं पिठाचे डबे होते. हरणाबाईला कमी ऐकू यायचं आणि बलभीम रजा संपवून पुन्हा ड्यूटीवर जायला लागला होता. दैवशालानं डबे काढून ओटा पुसला. खाली काही नव्हतं. उपासानं कान वाजतात, असं तिच्या आईला व्हायचं. हेही तेच असणार.

ऊन कडक होतं. ती आतल्या खोलीत फरशीवर नुसता पदर पसरून आडवी झाली. रिकाम्या पोटी झोप लागते ती खोल नसते. माणूस जागंही असतं आणि नसतंही. बाहेर हरणाबाई कुणाशी तरी बोलत होती. मोटारसायकल गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग कानाशी, अगदी कानाशी, ती ओळखीची गुरगुर, आणि तिला वाटलं की हे स्वप्नच आहे, कारण हलता येत नव्हतं.

जाग आली तेव्हा तोंड उघडं होतं. जबडा दुखत होता, मोठा घास न चावता गिळल्यावर घसा दुखतो तसा घसा दुखत होता. पोट मात्र भरल्यासारखं वाटत होतं. ती उठून बसली. अंगणाच्या दारापासून तिच्या उशापर्यंत फरशीवर दोन बोटं रुंदीचा ओला पट्टा होता, वाळत आलेला.

फरशी पुसताना पिळलेलं फडकं ओढत आणलं असेल मी, ती म्हणाली. आणि फडकं शोधायला गेली. फडकं तारेवर होतं. कडकडीत वाळलेलं.

६

उपास सुटला त्या दिवशी घरात पुरण शिजलं. बलभीमच्या गालावर रंग आला होता. हर्षालीनं त्याचा आधीचा आणि आताचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली फुलांचा खच पडला. देवाला नैवेद्य झाला. हरणाबाईनं स्वतः सुनेला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. "आज तू आधी जेव. माझा लेक तू माघारी आणलास."

दैवशालानं पोळीचा घास तोंडात घातला. चव कळायच्या आत घास गेला. तिनं गिळला नव्हता. तो ओढला गेला. दुसरा तसाच. तिसरा. हरणाबाई कौतुकानं वाढत राहिली. बलभीम समोर बसला होता. त्याचा हात हळूहळू ताटातच थांबला.

दैवशालाचं पोट वाजत होतं. हरणाबाई नवी पोळी घ्यायला दुरडीकडं वळली की थांबत होतं.

हात धुवायला दोघं अंगणात आली तेव्हा बलभीम खालच्या आवाजात म्हणाला, "अगं, ह्यो आवाज माझा हाय."

"पोट भरल्यावर बी वाजतंय कधी कधी."

"मला सांगू नगंस. सा महिने ऐकलाय म्या." त्यानं तिच्याकडं बघितलं. रुळांवर वय गेलेला, कमी बोलणारा माणूस. "असं करू. आता औषध तू घे. तुझ्या वाटणीचा उपास म्या धरतो."

त्यानं किती प्रेमानं म्हटलं ते तिला कळलं. आणि त्याच वेळी आत, बरगड्यांखाली, काहीतरी त्या शब्दांकडं वळलं तेही कळलं.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमी उपास धरायचा न्हाय. कधीच न्हाय. माझ्या गळ्याची आण."

७

त्यानंतर दैवशालानं सगळे वार सोडले. सोमवारी उजाडताच ती शेगडीशी उभी राहून शिळी भाकरी खायची, देवाला पाणी घालायच्या आधी. येडाईचा मंगळवार गेला, दत्ताचा गुरुवार गेला. देव्हाऱ्यापुढं ती हात जोडायची आणि एवढंच म्हणायची, "रागावू नकोस. जागा भरल्याली ठेवते."

खाऊनही ती वाळत चालली. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. पण तिला त्याचं काही नव्हतं. तिला भीती वेगळीच होती, कारण तिच्या ध्यानात आलं होतं की आतलं तिच्या अन्नापेक्षा जास्त दुसऱ्यांच्या पोटाकडं कान लावून असतं. भरल्या पोटाचं माणूस जवळ बसलं तर ते निवांत असायचं. म्हणून तिनं नेम केला. घरात कुणी रिकाम्या पोटी बसायचं नाही. पोस्टमन आला, लाडू खा. मीटर बघणारा आला, आधी पोहे. बलभीमला पहाटे उठवून ती डबाभर खायला घालायची आणि वर डबा बांधून द्यायची. क्वार्टरांतल्या बाया म्हणायला लागल्या, दैवशाला अन्नपूर्णा झाली.

एका सकाळी हर्षाली आली आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसली. "काकू, म्या बी डिटॉक्स सुरू केलाय. दोन दिस झाले, नुसत्या पाण्यावर हाय. लई हलकं वाटतंय बघा."

दैवशालाच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं, की ते ओठांच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. घशात खालून वर काहीतरी चढत आलं. तिनं डब्यातला राजगिऱ्याचा लाडू काढला आणि हर्षालीचं तोंड धरून आत कोंबला.

"काऽकू!" हर्षाली ठसकत, हसत म्हणाली. "मोडला की ओ माझा उपास!"

"खा. चाव. गीळ," दैवशाला म्हणाली. आपला आवाज तिला जाड वाटला. हर्षालीनं गिळला. घशातलं खाली गेलं.

हर्षाली मग फारशी आली नाही.

८

श्रावणातली एकादशी उजाडली. बलभीम पहाटेच डबा घेऊन गेला होता. दैवशालानं भगर शिजवली, शेंगदाण्याची आमटी केली, ताटली सासूपुढं ठेवली.

हरणाबाईनं ताटली बाजूला सारली. "आज निर्जळी हाय माझी. इठ्ठलापुढं बोलले होते, लेक उभा राहिला तर ही एकादस पाण्याच्या थेंबाबिगर करीन."

"आत्याबाई, दोन घास घ्या. देवाला सांगते म्या."

"खुळी का काय तू? लेकराचा नवस हाय. मोडला अन् त्याला काई झालं मंजी?"

"मग म्या हर्षालीकडं जाऊन बसते जरा."

"कशापायी? इथं बस. पोथी वाच, मला अक्षर दिसत न्हाय."

ती पोथी घेऊन बसली. सकाळपासून दैवशाला चार भाकरी खाऊन होती, तरी आत सगळं गप्प होतं. कुणी दाराआड उभं राहावं तसं गप्प. तिनं पोथी उघडली. समोर म्हातारी मांडी घालून, डोळे मिटून बसलेली, आणि तिच्या पोटातून बारीकसा, भुकेचा, माणसाचा आवाज आला.

दैवशालानं पहिली ओवी म्हणायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. दातांच्या मागं काहीतरी आलं होतं.

"वाच की गं."

तिनं मान हलवली. पदर तोंडावर दाबला. दुसऱ्या हातानं ती ताटलीकडं दाखवत राहिली. ताटली. घास. तुमी. डोळ्यांतून धारा लागल्या.

"काय झालं? दाढ दुखती का? बघू." हरणाबाई पुढं सरकली. तिनं सुनेचा पदर ओढून काढला.

दैवशालाचे ओठ घट्ट मिटलेले होते. सासूची नजर तिच्या डोळ्यांवरून खाली उतरली आणि गालावर थांबली. मग ती नजर हळूहळू डावीकडून उजवीकडं सरकली, भिंतीवरून जाणारी पाल बघावी तशी, आणि हनुवटीखाली येऊन थांबली.  ओरडावं म्हणून म्हातारीचं तोंड उघडायला लागलं.

दैवशालानं झटकन तिच्या तोंडावर तळहात ठेवला.  तिच्या तळव्याला सासूचा श्वास लागत होता. तिनं नुसतं डोळ्यांनी सांगितलं, जे सांगायचं ते.

हरणाबाईनं ताटली ओढून घेतली. "इठ्ठला, मला धर," ती पुटपुटली, "लेकराला न्हाय." आणि तिनं भगरीची मूठ तोंडात घातली. मग दुसरी. न थांबता, रडत, ती खात राहिली. आमटी वाटीनंच प्याली. दैवशालाच्या दातांमागचं मागं हटलं, घशातून उतरलं, आणि बरगड्यांखाली जड होऊन बसलं.

दैवशालानं श्वास घेतला.  सासूनं सुनेचं मनगट घट्ट धरलं, जत्रेत लहान पोराचं धरावं तसं, आणि सोडलं नाही. आपण आता एकटी नाही, असं दैवशालाला कितीतरी दिवसांनी वाटलं.

अंगणात बूट वाजले. दाराची कडी निघाली. बलभीमनं हातातली पिशवी खाली टाकली आणि दोघींच्या मधेच फतकल मारून बसला.

"डबा कुत्र्यानं पळवला बघ, दैवशाले," तो हसत म्हणाला. "सकाळी खाल्ल्यालं बी समदं उलटून पडलं. पोट निस्तं रिकामं झालंय. वाढ काईतरी."

दोघींनी एकदमच ताटलीकडं बघितलं. तिच्यात काहीच उरलं नव्हतं.